विषयांची निवड : वर्धा जिल्ह्यातील एक जुना प्रश्न

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथात देवमंदिराची पायाभरणी, धर्मगुरूंची परंपरा आणि उदार दात्यांची नामावळी यांना अग्रस्थान मिळावे हे रीतीस धरूनच आहे. आम्ही मात्र प्रस्तुत लेखात एका निराळ्याच गोष्टीचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. दहावीचा निकाल लागला की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकच प्रश्न जो तो दुसऱ्यास विचारीत असतो : मुलाने पुढे कोणते विषय घ्यावेत, मुलीने कोणते सोडावेत? विचारणाऱ्यास वाटते की हा प्रश्न आपल्याच पिढीपुढे प्रथम आला. वस्तुस्थिती तशी नाही. शाळेत कोणता विषय शिकविला म्हणजे पुढची कोणती वाट मोकळी राहते आणि कोणती बंद होते, ह्याचा खल आमच्या ह्याच जिल्ह्यात, साऱ्या देशाचे लक्ष लागलेले असताना, एकदा मोठ्या गांभीर्याने झालेला आहे. तो काय झाला व त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या कुटुंबांस ठाऊक असावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला तो १८६२ साली. आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर वसू लागले ते १८६६ मध्ये. त्या काळी मध्यप्रांतात विद्यापीठ नव्हते. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले, परंतु ती आधी कलकत्ता विद्यापीठाशी व पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ च्या ऑगस्टात. म्हणजे वर्ध्याच्या अगर हिंगणघाटच्या मुलाने चौदाव्या-पंधराव्या वर्षी काय शिकावे, हे ठरविणारी मंडळी सुमारे साठ वर्षे त्याच्यापासून शेकडो कोस दूर बसलेली होती. मॅट्रिक्युलेशन ह्या शब्दाचा अर्थच मुळी विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे असा आहे. शाळा संपल्याची ती खूण नव्हती, कॉलेजचे दार उघडण्याची ती किल्ली होती. आणि त्या किल्लीचे मुख्य दात इंग्रजीचे होते. ज्याच्या गावी मराठी चौथीपलीकडे शाळा नाही, त्याची हुशारी कितीही असो, त्याच्या हाती ती किल्ली पडणे दुरापास्त होते.

किल्लीचे इतर दातही पाहण्यासारखे आहेत. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे थोड्याच वर्षांत संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांना मान देऊन त्या विद्यापीठाने मराठीस वरच्या परीक्षांतून बाजूस सारले, आणि तिला पुन्हा आत घेण्यासाठी त्याच रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असता त्यांस संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून तो विषय त्यांस नाकारण्यात आला व त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केले, परंतु प्रत्येक मूल आंबेडकर नसते. विषयाची निवड ही मुलाच्या आवडीची बाब आहे असे आपण म्हणतो. ती निवड बहुधा दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते, आणि मुलास ती पुष्कळ उशिरा कळते. तीच गोष्ट संस्थांचीही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, मातृभाषेतून शिकविले, गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांस मानाचे स्थान दिले. अभ्यासक्रम सुविचारित होता, शिक्षक निष्ठावान होते; तरीही त्या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. मधल्या पस्तीस वर्षांत तेथून पदवी घेतलेल्या भगिनींपुढे शिक्षण उत्तम आणि दार बंद, अशी स्थिती होती.

आता वर्ध्याकडे वळू. महात्मा गांधी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगाव ह्या खेड्यात राहावयास आले. त्याच शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ मध्ये प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली आणि शिक्षणाचे काय करावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून आपले मत मांडले. त्याचे सार असे की, प्राथमिक शिक्षण मॅट्रिकच्या तोडीचे असावे, त्यातून इंग्रजी वजा करावी आणि एका उद्योगाची भर घालावी. ह्या विचाराची परीक्षा करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, शिक्षणपरिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षणाची गुंफण, आणि कालांतराने त्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार निघावा ही अपेक्षा, असे चार ठराव तेथे झाले.

तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कृष्णदास जाजू, प्रो. के. टी. शहा आदी मंडळी होती. आमच्या वाचकांस विशेष वाटावे ते हे की समितीचे चिटणीस ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे सिलोनमधील तामीळ ख्रिस्ती होते. शांतिनिकेतनात काम करून ते वर्ध्यास आले होते. दुसरे सभासद जे. सी. कुमारप्पा हे तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातले. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम त्यांच्याकडे होते. दोघेही कॅथोलिक नव्हते, ही गोष्ट खरी; परंतु आमच्या जिल्ह्यातून देशभर गेलेल्या शिक्षणविचारात ख्रिस्ती माणसांचा हात एवढा मोठा होता, हे आपल्या मुलांस सहसा कोणी सांगत नाही.

कुमारप्पांचे स्वतःचे शिक्षण येथे क्षणभर पाहण्याजोगे आहे. विलायतेत हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत धंदा थाटला; पुढे वयाची पस्तिशी गाठल्यावर अमेरिकेत जाऊन १९२८ साली सिरॅक्यूज येथे व्यवसायशास्त्राची व १९२९ साली कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घेतली. कोलंबियात त्यांचे गुरू प्रो. सेलिग्मन, तेच काही वर्षांपूर्वी आंबेडकरांचेही गुरू होते. ज्याच्या पहिल्या शिक्षणात इंग्रजी व गणित पक्के झाले होते, त्यालाच पस्तिसाव्या वर्षी वाट बदलता आली, आणि ते सारे सोडून चरखा व घाणी यांच्या मागे लागणेही त्याला स्वेच्छेने करता आले. खेड्यातील ज्या मुलासाठी योजना आखली जात होती, त्यास ही मोकळीक मिळणार होती काय, हाच खरा प्रश्न होता.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. सात ते चौदा वयाच्या मुलामुलींसाठी दिवसाचे साडेपाच तास असे वाटले होते : मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटे, व्यायामास १० व मधल्या सुटीस १० मिनिटे. इंग्रजीस जागा नव्हती, धर्मशिक्षणासही नव्हती. नुसते कोष्टक पाहून तोंड वाकडे करणे मात्र न्यायाचे होणार नाही. सूत मोजता मोजता दशांश अपूर्णांक, कापूस पेरता पेरता वनस्पतिशास्त्र, असा त्यांचा समवायाचा विचार होता, आणि कापसाच्या ह्या मुलखात तो काही परका नव्हता. चांगल्या शिक्षकाच्या हाती ३ तास २० मिनिटांत पुष्कळच शिकवून होते. सामान्य शिक्षकाच्या हाती तेवढ्याच वेळात केवळ सूत निघते. आणि शिक्षक बहुसंख्येने सामान्यच असावयाचे, हे कोणत्याही योजनेने गृहीत धरले पाहिजे.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने ही कल्पना स्वीकारली व त्यानंतर सेवाग्रामास हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. दरम्यान हिंदुस्थान सरकारच्या मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली ही योजना तपासण्यास समिती नेमली. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणे वाक्य त्या समितीच्या शिफारशींत आहे, आणि ते कोणाच्या फारसे ध्यानात राहिलेले नाही. मूलोद्योगी शाळेतील मुलास पाचव्या इयत्तेनंतर, म्हणजे सुमारे अकराव्या वर्षी, इतर प्रकारच्या शाळेत जाण्याची मुभा असावी, असा त्याचा आशय. एका महाराष्ट्रीय माणसाने योजनेच्या भिंतीत मुद्दाम ठेवविलेले ते एक दार होते. पुढे १९४४ च्या सार्जंट योजनेनेही अकराव्या वर्षीची ती फूट ठेवली, परंतु तिच्या हिशेबात हायस्कुलाकडे जाणारी मुले सुमारे पाचांत एक एवढीच होती.

दार होते, पण त्यापलीकडे पायरी नव्हती. पाचवीपर्यंत इंग्रजीचे अक्षरही न पाहिलेले मूल हायस्कुलात जाऊन काय करणार? आणि जे तेथेच राहून सात-आठ वर्षे पुरी करी, त्याच्यासाठी सेवाग्रामात उत्तर बुनियादी शाळा निघाली, पुढे ग्रामीण विद्यापीठाचा विचारही झाला; परंतु तेथील प्रमाणपत्रास इतर विद्यापीठांनी मॅट्रिकच्या बरोबरीचे मानावे, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. योजनेची वाखाणणी करणाऱ्या सुशिक्षितांपैकी पुष्कळांनी आपली मुले इंग्रजी हायस्कुलांतच ठेविली, आणि मूलोद्योगी शाळा ही गरिबांची शाळा अशी समजूत रूढ झाली. खेड्यातील बापाला कोणी अडाणी म्हणो, त्याने एक गोष्ट अचूक ओळखली होती : मुलास सूत काढता येते म्हणून कोणी त्याला कारकून, तलाठी, डॉक्टर करीत नाही. आम्ही उद्योगास दोष देत नाही. सेवाग्रामची 'आनंद निकेतन' शाळा २००५ मध्ये नव्याने सुरू झाली आहे व हाताच्या कामातून शिकविणे किती रसाळ होते हे तिने पुनः दाखविले आहे. दोष होता तो एवढाच, की एक गोष्ट देताना दुसरीकडे परतण्याची वाट राखली गेली नाही.

लेवीय पुस्तकात ज्युबिलीचा जो नियम सांगितला आहे, त्यात पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत येते. चौदाव्या वर्षी सोडलेल्या विषयास असा नियम शाळाखात्यांनी क्वचितच लावलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन आयोगांनी दोन उलट उत्तरे दिली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळा सुचविल्या : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात गट, आणि मुलाने चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांतला एक निवडावा. नावात 'बहु' असले तरी मुलाच्या वाट्यास एकच यावयाचे. गृहविज्ञानाच्या गटात कोणास बसविले जाई, हे सांगावयास नको. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने नेमके उलट सांगितले : दहावीपर्यंत फाटे नकोत, गणित व विज्ञान सर्वांस, मुलींसही, सक्तीचे असावे. महाराष्ट्राने तो आकृतिबंध पत्करला आणि १९७५ मध्ये दहा वर्षांच्या शालान्त परीक्षेस पहिली मुले बसली. आमच्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी आज परिचारिका, शिक्षिका, प्रयोगशाळा-सहायिका म्हणून मान मिळवून आहेत, त्यांच्यापैकी अनेकींना ही संधी त्या सक्तीने दिली. सक्ती हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कधी कधी सक्तीच पुढचे स्वातंत्र्य राखते.

अलीकडे ही सक्ती थोडी थोडी झिजत आली आहे. नववी-दहावीस बीजगणित-भूमितीऐवजी 'सामान्य गणित' घेण्याची सवलत काही वर्षे होती. ती घेतलेल्या मुलांस दहावी सोपी गेली आणि पुढे गणिताची वाट बंद झाली. नव्या पाठ्यक्रमाबरोबर ती सवलत गेली. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दुसरी सूचना आली : गणित व विज्ञान ह्यांत ३५ ऐवजी २० गुण मिळविणाऱ्यासही पुढे जाऊ द्यावे, मात्र त्यास हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नापासाच्या कलंकातून मूल सुटावे हा हेतू चांगलाच आहे. परंतु पंधराव्या वर्षी लिहिलेला तो शेरा विसाव्या वर्षी कोण पुसणार, हे पालकांनी विचारावयास हवे.

अकरावीचा अर्ज भरताना आमच्या जिल्ह्यातील मुलांपुढे काय काय येते, ते थोडक्यात सांगतो. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुशीला नायर यांनी खेड्यांतील रुग्णांसाठी उभारले. तेथे अगर अन्यत्र डॉक्टर होण्यास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते. गणित नसले तरी चालते. अभियांत्रिकीची नेहमीची वाट गणिताची. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीस भौतिक व रसायन अटळ, तिसरे गणित असो वा जीवशास्त्र. पुलगावच्या दारूगोळा कोठाराच्या परिसरातील मुलांस खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे आकर्षण असते, आणि २०२२ पासून तेथे मुलीही प्रवेश घेऊ लागल्या आहेत. तेथे भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र व गणित हवेच. वकिली, सनदी लेखापालाचा अभ्यास, शासनसेवेच्या परीक्षा ह्यांस शाखेचे बंधन नाही. म्हणून ज्याचा निश्चय झालेला नाही, पण अभ्यासाची ताकद आहे, त्याने विज्ञान शाखेत गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावे, असे आम्ही सांगत असतो. भार वाढतो हे खरे. मात्र जीवशास्त्र टाकून संगणकाचा दुहेरी व्यवसायविषय घेतला म्हणजे वैद्यकाचे दार आपल्याच हाताने लोटले जाते, आणि हे अनेकांस बारावीनंतर कळते. जाता जाता आणखी एक : माहिती-तंत्रज्ञान हा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो, गुणही भरघोस पडतात, म्हणून पुष्कळ मुले अकरावीत मराठीच सोडतात. रानड्यांनी ज्या भाषेसाठी एवढा जन्म झिजविला, तिला आता विद्यापीठाने नव्हे, आपणच बाहेर काढीत आहो.

ज्याची आवड खरोखर कलाशाखेची आहे, त्याने ती निःशंक घ्यावी. इतिहास, अर्थशास्त्र, भाषा हे काही उरलेसुरले विषय नव्हेत. आमचा आक्षेप आवडीवर नसून अज्ञानावर आहे. मैत्रीण जाते म्हणून, कॉलेज घराजवळ आहे म्हणून, पहिल्या चाचणीत गणितात कमी गुण आले म्हणून जी निवड होते, तिला निवड हे नाव देता येत नाही.

परतण्याच्या वाटा अलीकडे काही ठिकाणी निघाल्या आहेत, त्यांची नोंद करणे अवश्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला व विज्ञान ह्यांत कडक भिंत नसावी असे म्हटले. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले की बारावी झाल्यानंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यासही वैद्यकाची प्रवेशपरीक्षा देता येईल. आमच्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वाट परिचारिकांची आहे, कारण ह्या सेवेत आमच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या जात आल्या. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीस बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. कलाशाखेतून बारावी झालेल्या मुलीस तेथे जागा नाही; परंतु इंग्रजीसह निदान ४० टक्के गुण असल्यास तिला सामान्य परिचर्या व प्रसविकाविद्येची पदविका, जिला सर्वजण जी.एन.एम. म्हणतात, ती घेता येते. ती पुरी करून परिचर्या परिषदेत नाव नोंदविले म्हणजे पुढे दोन वर्षांत पदवीही मिळविता येते. ह्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास 'पोस्ट बेसिक' असे नाव आहे. सेवाग्रामच्या जुन्या भाषेत सांगावयाचे तर उत्तर बुनियादी. त्या शाळेतील मुलांस जी मान्यता मिळण्यास एवढा विलंब झाला, ती ह्या मुलींच्या प्रमाणपत्रास पहिल्या दिवसापासून आहे.